मलेरियाची बनावट औषधे आणि ‘हरित’ चाचण्यांची पार्श्वभूमी

मलेरियाच्या औषधातली भेसळ नवी नाही. ज्या झाडापासून क्विनीन हे मलेरियाचे औषध मिळते, त्या सिंकोनाच्या सालीत भलत्याच झाडांच्या साली मिसळून विकणे सतराव्या शतकापासून चालत आले. अमेरिकेने १८४८ मध्ये आयात औषधांच्या तपासणीचा कायदा केला, त्यामागेही मेक्सिकोच्या युद्धात सैनिकांना निकृष्ट क्विनीन मिळाल्याची ओरड होती. मात्र क्विनीन ओळखायला फार सायास लागत नसत. चव कडूजहर, आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवून अतिनील प्रकाशात धरले की निळी झाक दिसणारच.

ही सोय आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या नव्या औषधाने काढून घेतली. चीनमध्ये तू योयो यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे द्रव्य एका वनस्पतीतून मिळवले आणि पुढे त्यापासून आर्टेसुनेट आले. या रेणूंची ताकद त्यांच्यातल्या पेरॉक्साइडच्या पुलात आहे, पण अतिनील प्रकाश ते नीट शोषत नाहीत. जे काही थोडे शोषण होते ते २१० नॅनोमीटरच्या आसपास, आणि तिथे बहुतेक द्रावके स्वतःच प्रकाश अडवतात. अॅसिटोनायट्राइल हे द्रावक अडवत नाही. त्यामुळे आर्टेसुनेट तपासायचे म्हणजे एचपीएलसी यंत्र (द्रावकाच्या प्रवाहात स्तंभातून, म्हणजे भरलेल्या नळीतून, घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारे) आणि अॅसिटोनायट्राइल, असे समीकरण बसले. नेहमीच्या जाडीच्या स्तंभातून मिनिटाला एक मिलिलीटर द्राव सोडला तर दिवसभरात लीटरभराहून जास्त विषारी सांडपाणी साठते.

दरम्यान आग्नेय आशियात बाजार बिघडला होता. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीत, कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या दुकानांतून घेतलेल्या ‘आर्टेसुनेट’पैकी ३८ टक्के नमुन्यांत आर्टेसुनेट नव्हतेच. पाकिटांवरचे होलोग्रामसुद्धा नकली निघाले. पुढे इंटरपोलच्या मदतीने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात ३९१ पैकी जवळपास निम्मे नमुने बनावट ठरले. गोळ्यांतले परागकण आणि कॅल्साइट हे खनिज यांवरून माग दक्षिण चीनकडे गेला. काही गोळ्यांत पॅरासिटामॉल होते, काहींत क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक, तर काहींत सॅफ्रोल, म्हणजे एक्स्टसी या अमली पदार्थाचा कच्चा माल.

आज ज्यांना पर्यावरणस्नेही म्हणून मिरवले जाते त्यातल्या बऱ्याच चाचण्या या काळात निघाल्या, आणि त्या काढताना पर्यावरण कुणाच्या फारसे डोक्यात नव्हते. सीमेवरच्या दवाखान्यात यंत्र नाही, वीज बेभरवशाची. एवढीच अडचण होती. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या मायकेल ग्रीन यांनी २०००च्या सुमारास फास्ट रेड टीआर या रंजकाची चाचणी मांडली: गोळीचा कण अल्कलीत विरघळवायचा, रंजक घालायचा, पिवळा रंग आला तर आर्टेसुनेट आहे. जर्मनीतल्या जीपीएचएफ या संस्थेची ‘मिनीलॅब’ अख्खी प्रयोगशाळा पेटीत घालून देते, तीही याच गरजेची. नंतर कागदाच्या पट्टीवरच रसायने सुकवून ठेवण्यापर्यंत मजल गेली.

‘हरित’ हे नाव मागाहून चिकटले. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे १९९८ मध्ये मांडली. विश्लेषणासाठी वेगळी बारा तत्त्वे यायला २०१३ उजाडले. मधल्या काळात एक धक्का बसला. अॅसिटोनायट्राइल हे अॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांतले जोड-उत्पादन. २००८च्या अखेरीस मंदीने अॅक्रिलिक धागा आणि प्लॅस्टिकची मागणी घटली, कारखाने मंदावले आणि प्रयोगशाळांना बाटल्या मिळेनात. अनेकांनी कमी द्रावकाच्या पद्धती शोधल्या त्या तत्त्वासाठी नव्हे, या टंचाईमुळे, असे मला वाटते.

द्रावकच नको, या टोकाला रामन वर्णपटमिती आहे, म्हणजे लेसरचा विखुरलेला प्रकाश पाहून पदार्थ ओळखणे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवलेला परिणाम आता हातात मावणाऱ्या यंत्रात आला असून पारदर्शक वेष्टन न फाडता गोळी तपासता येते. पण रंगीत आवरणाच्या गोळ्या लेसरखाली चमकतात आणि खरा संकेत बुजतो.

खरी गोची मात्रेची आहे. रंग आला म्हणजे औषध आहे एवढे कळते. ते पुरेसे आहे की नाही, हे सांगायला रंगाची तीव्रता मोजावी लागते. बनावट गोळ्यांत थोडेसे आर्टेसुनेट मुद्दाम घातलेलेही सापडले आहे. ते साध्या चाचणीला फसवते, रुग्णाला बरे करत नाही आणि परजीवीला औषधाची सवय लावू शकते. अशा नमुन्यांसाठी अजूनही एचपीएलसीकडेच जावे लागते. तिथे अॅसिटोनायट्राइलऐवजी इथेनॉल वापरायचे म्हटले, तर इथेनॉल स्वतःच साधारण २१० नॅनोमीटरखाली प्रकाश अडवते, नेमके आर्टेसुनेट जिथे दिसते त्याच भागात. म्हणून सध्या अरुंद, आखूड स्तंभ वापरून अॅसिटोनायट्राइलचा खप कमी करणे हाच जास्त चालणारा मार्ग आहे.