हात सोडला, तरी सूर थांबेना

गेल्या डिसेंबरात भाच्याबरोबर पुण्यातल्या एका मैदानावर गिटारचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. पायाखाली धुरळा, अंगावर थंडी, आणि रात्री दहाच्या आत स्पीकर बंद करायचे म्हणून संध्याकाळी पाचलाच सुरुवात. शेवटी शेवटी वादकाने एक सूर छेडला, डाव्या बोटाने तार पडद्यावर दाबून धरली आणि उजवा हात चक्क खाली सोडून दिला. सूर विरायला हवा होता. तो फुगत गेला. पाच सेकंद, दहा सेकंद. मग वादक अ‍ॅम्पकडे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याकडे, तोंड करून जेमतेम एक पाऊल मागे सरकला, आणि तार पुन्हा न छेडताच तोच सूर वरच्या सप्तकात जाऊन बसला.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ मुलाला म्हणाले, "बघ, हातसुद्धा लावत नाहीये. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आहे, पण त्या गोंगाटात वर्ग घेणं शक्य नव्हतं. तो वर्ग आता घेतो.

छेडून वाजवायच्या वाद्याचं दुखणं एकच. बोट तारेला जी ऊर्जा देतं ती एकदाच, एकरकमी. पुढे नुसता खर्च: थोडी हवेत, थोडी लाकडात, थोडी तारेच्या आतल्या घर्षणात. म्हणून सतार असो की गिटार, सूर जन्मताच मरायला लागतो. सारंगीवाल्याला ही चिंता नसते, त्याचा गज तारेला सतत रतीब घालत असतो. त्या संध्याकाळी गिटारला कुठून तरी गज मिळाला होता, आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता.

तो गज तुम्ही ऐकलेला आहे. गणपतीच्या मांडवात "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत कुणी कार्यकर्ता माईक घेऊन स्पीकरसमोर जातो आणि कुईईई करून कानठळ्या बसतात. माईकने उचललेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो, तो परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. याला फीडबॅक म्हणतात. गिटारमध्ये माईकच्या जागी पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते, अ‍ॅम्प ती वाढवतो, स्पीकर हवा हलवतो, आणि ती हलणारी हवा येऊन गिटारच्या लाकडाला आणि तारेला पुन्हा ढकलते. वर्तुळ पुरं झालं.

मग माईक किंचाळतो आणि गिटार गाते, असं का? माईकला स्वतःचा असा सूर नसतो. मांडवाचा पत्रा, स्पीकरची तऱ्हा, माईकचं अंतर या सगळ्यांचं मिळून जे काही ठरेल त्या सुरात तो बोंबलतो. गिटारच्या वर्तुळात मात्र तार बसलेली असते, आणि तार हट्टी असते. ती फक्त आपल्याच सुरांना दाद देते: मूळ सूर, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारता. गाण्याच्या भाषेत सा, वरचा सा, त्यावरचा प, आणखी वरचा सा, मग ग. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तोच हा पाचवा.

आता माझा आवडता भाग. वर्तुळ सुरू राहायला दोन अटी लागतात, आणि त्या हाइनरिश बार्कहाउझन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. पहिली सोपी: एका फेरीत जितकं खर्च होतं तितकं तरी भरून निघालं पाहिजे. त्यासाठी आवाज मोठा हवा. दुसरी अट वेळेची. खड्ड्यात रुतलेली रिक्षा काढताना आपण एकदम जोर लावत नाही, तिला पुढे-मागे झुलवतो आणि ती पुढे जायला लागली की "हय्या" करून ढकलतो. ती मागे येत असताना ढकललं तर तिचं झुलणंच मोडतं. हवेचा धक्काही तारेला असाच तिच्या ठेक्यात बसला पाहिजे. उलटा बसला तर तो ब्रेक होतो.

आणि धक्का कधी पोहोचणार हे अंतरावर ठरतं. पहिल्या तारेच्या पाचव्या पडद्यावरचा सूर घ्या, ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, येते ७८ सेंटीमीटर. समजा वादक अशा जागी उभा आहे की धक्का बरोबर ठेक्यात बसतोय. तो ३९ सेंटीमीटर मागे सरकला, म्हणजे अर्धी तरंगलांबी. आता प्रत्येक धक्का उलटा! मूळ सूर गुदमरायला लागतो. पण त्याच तारेत वरच्या सप्तकातला सूरही लपून थरथरत असतो, ८८० हर्ट्झचा, आणि त्याची तरंगलांबी आहे नेमकी ३९ सेंटीमीटर. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही, फक्त एक पूर्ण लाट मध्ये वाढली. तो आधी ठेक्यात असेल तर अजूनही ठेक्यातच आहे. मघाशी मोठ्या भावाने अ‍ॅम्पची सगळी ताकद बळकावली होती, तो दमल्यावर धाकटा गादीवर बसतो. एक पाऊल, एक सप्तक. शेजारचे काका, हे होतं तुमचं रेकॉर्डिंग.

इथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनुनादाच्या वेळी, म्हणजे धक्के तारेच्या स्वतःच्या ठेक्यातच येत असताना, तिचं विस्थापन (जागेवरून हलणं) बाहेरच्या बलाच्या पाव आवर्तन मागे असतं, त्यामुळे तिचा वेग मात्र बलाच्या जोडीने चालतो. पिकअपला विस्थापन कळतच नाही. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे विद्युतदाब ठरतो तो चुंबकीय अभिवाह किती वेगाने बदलतो यावर, म्हणजे तारेच्या वेगावर. तेव्हा तारेत शिरताना धक्का आणि पिकअपमधून निघणारा संदेश हे आधीच जुळलेले असतात. उरतो तो अ‍ॅम्पमधला आणि हवेतला उशीर. आजकाल गिटारला वायरऐवजी डिजिटल वायरलेस लावतात, त्यात तीन मिलिसेकंद गेले तर ते एक मीटर मागे उभं राहिल्यासारखंच. मग वायरीने सराव करून पाठ केलेल्या सगळ्या जागा चुकतात. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर जाऊ द्या, सूर तरीही लागतो.)

सूर फुगत जाऊन स्पीकर फाटत का नाही? अ‍ॅम्प एका मर्यादेपलीकडे वाढवू शकत नाही, लाटांचे माथे छाटतो. कमावणं आणि खर्च तिथे बरोबर जुळतात आणि सूर स्थिर होतो. गिटारचा तो करकरीत, फाटका आवाज म्हणजे ही छाटणीच.

गंमत अशी की भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आली तीच फीडबॅक मारायला. पोकळ गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि अ‍ॅम्प लावला की तीच हंबरायला लागते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चक्क चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या, त्यामागे ही डोकेदुखीही होती. पुढच्या पिढीने तीच डोकेदुखी परत बोलावली. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात, बरीचशी गर्दी घरी गेल्यावर, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं ते याच किंचाळ्यांना वळण देऊन. १९७७ मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गायक डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’ या गाण्यासाठी गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने जमिनीवर खुणाच करून घेतल्या: या सुराला इथे उभं राहायचं, त्या सुराला तिथे.

४४० हर्ट्झचं नाव निघालंच आहे तर एक राग काढून घेतो. ‘४३२ हर्ट्झ हा विश्वाचा सूर, त्याने पेशी बऱ्या होतात’ असे निरोप मला नेमाने येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. विश्वाने आपलं घड्याळ कधी पाहिलं? आपल्याकडे कुणी काळी एकला गातो, कुणी पांढरी चारला. गळा ठरवतो, ग्रहतारे नाहीत. कानांची काळजी असेल तर आवाजाची पातळी बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवायला सांगितली आहे. मी खिशात बोळे घेऊनच गेलो होतो.

हल्ली मंचावर अ‍ॅम्पच नसतो बऱ्याचदा. वादकाच्या कानात इअरफोन, आवाज थेट मिक्सरमध्ये. बोटं तितकीच तयार असतात, पण वर्तुळ तुटलेलं असतं. घरी हेडफोन लावून वाजवणाऱ्या पोरांचंही तेच.

भाच्याने मग बहिणीच्या घरी प्रयोग मांडला. छोटा अ‍ॅम्प खुर्चीवर, लादीवर खडूच्या रेघा, माझ्या हातात सुताराची टेप. ३९ सेंटीमीटर काही येईनात. कधी ३१, कधी ४६. तासाभराने डोक्यात उजेड पडला: मागच्या भिंतीवरून आवाज परत येऊन धक्क्यांची वेळ बिघडवत होता. बहीण बाहेर गेल्यावर पलंगावरची गादी उचलून भिंतीला उभी केली. पुढची तीन मोजमापं ३८, ४० आणि ३८ आली. चौथ्याच्या वेळी खालच्या मजल्यावरून बेल वाजली.