लेसर कर्तन यंत्रातील शक्तिऱ्हास
लेसर कर्तन यंत्रातील शक्तिऱ्हास : ॲक्रिलिक, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी), चामडे वगैरे कापणाऱ्या लेसर यंत्राची ताकद हळूहळू किंवा अचानक कमी होणे. सेकंडहँड यंत्रांत ही तक्रार नेहमीची आहे. प्रस्तुत नोंद काचेच्या बंद नळीच्या कार्बन डाय-ऑक्साइड लेसरपुरती आहे.

या लेसरची क्रिया सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवून दाखविली. त्यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. नायट्रोजनकडून कार्बन डाय-ऑक्साइडला ऊर्जा देता येईल, हा विचार त्याच सुमारास फ्रान्समध्येही मांडला गेला होता. परंतु शोधाचे श्रेय सामान्यतः पटेल यांना दिले जाते व ते रास्तच वाटते. हीलियमची जोड साधारणतः १९६५ च्या सुमारास मिळाली.

नळी का मंदावते, हे या तीन वायूंच्या कामावरूनच उलगडते. विद्युत् विसर्जनात (वायूतून वीज वाहताना) नायट्रोजन उत्तेजित होतो व आपली ऊर्जा कार्बन डाय-ऑक्साइडला देतो. हीलियम उष्णता काचेच्या भिंतीकडे वाहून नेतो. याच विसर्जनात कार्बन डाय-ऑक्साइडचे विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन तयार होतात. ऋणाग्राचा (नळीतील ऋण विद्युत् अग्राचा) धातू उडून भिंतीवर बसतो व वायूचे काही रेणू त्याखाली अडकतात. हीलियम काचेतून झिरपतो, यावर काहींचा भर आहे. वापरातल्या नळीत विघटन व धातूचा थर हीच कारणे प्रबळ असावीत; मात्र कधीच न पेटविलेली नळीही काही वर्षांत मंदावते, तेथे झिरपणे मान्य करावे लागते. म्हणून सेकंडहँड यंत्र घेताना यंत्राचे नव्हे, नळीचे वय विचारावे. ते बहुधा नळीवरच्या चिठ्ठीवर सापडते.

तपासणीत पहिला प्रश्न असा, की शक्ती नळीतूनच कमी निघते की वाटेत, म्हणजे किरण पुढे नेणाऱ्या आरशांत व भिंगात, हरवते? नळीच्या तोंडाशी उष्णतेवर चालणाऱ्या शक्तिमापकाने मोजले की उत्तर मिळते. बऱ्याच यंत्रांत दोष वाटेत असतो आणि तो फुकटात दुरुस्त होतो. आरशापुढे कागदी चिकटपट्टी लावून एक क्षणभर किरण सोडावा. गाडी (आरसा व भिंग घेऊन सरकणारा भाग) जवळ असताना व लांब नेल्यावर पडलेले दोन डाग एकावर एक बसले पाहिजेत. डाग सरकला, तर टेबलाचा जवळचा कोपरा स्वच्छ कापतो आणि लांबचा अर्धवट. भिंग झिंक सेलेनाइडचे, पिवळसर असते. उजेडासमोर धरल्यास मळलेल्या भिंगाच्या मध्यभागी धुराचा तपकिरी ठिपका दिसतो. तडकलेल्या भिंगाचे तुकडे विषारी असल्याने उघड्या हाताने उचलू नयेत.

सकाळी चांगले कापणारे यंत्र तासाभरात ढेपाळले, तर पाणी तपासावे. नळी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस हवे. बादली व पंपावर चालविलेले यंत्र विदर्भातल्या मे महिन्यात यात बसत नाही. तेथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच. ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, बोअरच्या पाण्याने नळीत क्षार धरतात.

मिलिअँपिअर-मापकाचा (नळीतील विद्युत् प्रवाह मोजणाऱ्या मापकाचा) काटाही बरेच सांगतो. ४० वॅटच्या नळीला साधारण १८ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देतात. काटा तेथे पोहोचूनही कापणी दुबळी असेल आणि आरसे, भिंग व पाणी ठीक असेल, तर नळी संपत आली आहे. काटाच चढत नसेल, तर आधी वीजपुरवठा व जोडण्या पाहाव्यात. दुबळी नळी जास्त प्रवाहाने रेटू नये; थोडा वेळ कापणी सुधारल्यासारखी वाटते, पण उरलेले आयुष्य लवकर संपते. पुरवठ्यातील दाब हजारो व्होल्टचा असतो व बंद केल्यावरही धारित्रात (विद्युत्भार साठविणाऱ्या घटकात) विद्युत्भार राहतो. त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. रेडिओ-कंप्रतेवर (उच्च वारंवारतेच्या विजेवर) चालणाऱ्या धातूच्या नळ्यांत वायू पुन्हा भरता येतो. काचेची नळी मात्र बहुधा बदलावीच लागते.