५.६ फूट म्हणजे नेमके किती?

सुताराला कपाटाची उंची व्हॉट्सॲपवर कळवताना आपण सर्रास "५.६ फूट" असे लिहितो. मनात असते पाच फूट सहा इंच आणि सुतारही तेच वाचतो, कारण हा संकेत दोघांच्या अंगवळणी पडलेला असतो. तोच आकडा मापे बदलून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकला, तर उत्तर येते १७०६.८८ मिलिमीटर. पाच फूट सहा इंचांचे मिलिमीटर होतात १६७६.४. म्हणजे तीस मिमीचा फरक. कॅल्क्युलेटरच्या लेखी टिंबानंतरचे ६ म्हणजे फुटाचे सहा दशांश, अर्थात ७.२ इंच. "५.११" लिहिले तर गोष्ट आणखी बिघडते. पाच फूट अकरा इंच म्हणजे १८०३.४ मिमी, आणि ५.११ फूट म्हणजे जेमतेम १५५७.५. जवळजवळ पाव मीटर गायब! म्हणून फूट आणि इंच यांसाठी वेगवेगळे रकाने देणारा कॅल्क्युलेटरच निवडावा. असे रकाने नसतील, तर आधी सगळ्याचे इंच करून घ्यावेत.

या कॅल्क्युलेटरमागचा गुणक मात्र अगदी भरवशाचा आहे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. त्यापुढे काही दशांश लपलेले नाहीत. पूर्वी असे नव्हते. अमेरिकेचा इंच २५.४ पेक्षा किंचित मोठा होता आणि ब्रिटनचा किंचित लहान. हा फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, पण अचूक यंत्रभाग बनवणाऱ्यांना तोही खुपायचा. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी आपल्या प्रसिद्ध मापठोकळ्यांसाठी, म्हणजे मापे ताडून पाहायच्या अचूक जाडीच्या धातूच्या ठोकळ्यांसाठी, २५.४ हाच आकडा धरला, उद्योगांनी तो उचलला आणि १९५९मध्ये अमेरिका, ब्रिटनसह सहा देशांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा कुठलीही वेबसाइट उघडा, गुणाकार तोच होणार. घोळ होतो तो गुणाकाराच्या आधी आणि नंतर.

नंतरचा घोळ आधी पाहू. समजा, फळी ३४७ मिमी हवी आहे. २५.४ने भागले की १३.६६१४ इंच येतात. टेपवर असा आकडा कुठेच नसतो, तिथे सूत असतात, इंचाचे आठ भाग. म्हणून कॅल्क्युलेटर दशांश भागाला आठने गुणतो. उत्तर ५.२९ येते, ते ५वर आणले की माप झाले १३ इंच ५ सूत. उलटे गुणून पाहा, ही फळी ३४६.०८ मिमीची झाली, म्हणजे जवळपास एक मिमी कमी. सोळावा भाग धरला तर उत्तर १३ इंच साडेपाच सूत येते आणि फळी ०.६६ मिमी जास्त निघते. बत्तिसावा भाग धरला तर चूक ०.१३ मिमीवर येते, पण इतक्या बारीक खुणा सगळ्या टेपवर नसतात. एका फळीला अर्धा मिमी इकडेतिकडे चालून जातो. सहा फळ्या शेजारी शेजारी लावायच्या असतील आणि प्रत्येक माप वेगवेगळे बदलून घेतले असेल, तर मात्र तो अर्धा मिमी साठत जातो. सगळे गणित मिमीमध्येच करावे आणि सूत हवेच असतील, तर अगदी शेवटी एकदाच काढावेत.

सूत मागासलेले आहेत, असे मात्र मला अजिबात वाटत नाही. निम्म्याचे निम्मे करत जाण्यासाठी त्यांच्यासारखी सोय नाही. पाच इंच तीन सुतांचा मध्य कुशल कारागीर कागदही न घेता सांगतो, अडीच इंच दीड सूत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांत वाढलेल्या डोक्याला हे गणित कधी जड गेलेच नाही.

आता आधीचा घोळ. १८ मिमीच्या प्लायला बाजारात बिनधास्त "पाऊण इंची" म्हणतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. एका फळीत फरक एका मिमीचा. सहा फूट रुंद, तीन कप्प्यांचे कपाट घेतले, तर त्यात उभ्या फळ्या चार. पाऊण इंच धरून हिशेब केला तर प्रत्येक कप्पा आतून ५८४.२ मिमी येतो आणि १८ मिमी धरला तर ५८५.६. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला साधारण १२.७ मिमी जागा लागते. ड्रॉवर आधीच्या मापाने बनवला, तर चॅनलमागे मायक्याचे तुकडे पॅकिंग म्हणून घालावे लागतात. शिवाय प्लायची जाडीही छापल्याप्रमाणे असेलच असे नाही, म्हणून कापण्याआधी व्हर्नियर कॅलिपर लावून बघावे. करवतीच्या पात्याचाही हिशेब धरावा. १२२० मिमी रुंदीच्या शीटमधून चार सारख्या पट्ट्या काढताना तीन काप जातात. पाते ३ मिमी जाडीचे असेल, तर ९ मिमीचा भुसा होतो आणि पट्टी ३०२.७५ मिमीचीच मिळते, पुरती एक फूट नाही.

गोल लाकडाच्या खरेदीत तर खुद्द घनफूटच दोन प्रकारचा आहे. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. ही चतुर्थांश घेराची पद्धत एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या नावाने ओळखली जाते. त्याची कोष्टके अठराव्या शतकातली. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या पद्धतीने १० घनफूट भरतो. वर्तुळाच्या सूत्राने त्याचे आकारमान १२.७३ घनफूट असते. साल आणि चिरताना जाणाऱ्या कडा यांची सूट या पद्धतीतच धरलेली आहे. त्यामुळे हॉपस घनफुटाचे घनमीटर करताना ०.०२८३ने नव्हे, ०.०३६ने गुणावे लागते. कॅल्क्युलेटरला घनफूट एवढेच सांगितले, तर तो निमूटपणे पहिला गुणक वापरतो आणि दहा घनफुटांच्या त्या ओंडक्यात ०.०७७ घनमीटर कमी दाखवतो. सागवानाच्या भावात ही रक्कम किरकोळ नाही.

एवढे सगळे अचूक केले, तरी लाकूड स्वतः स्थिर नसते. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत, वर्षवलयांना समांतर दिशेने, सुमारे ५.८ टक्के आकसते. वलयांना काटकोनात हाच आकडा साधारण २.५ टक्के असतो आणि लांबीत तर नगण्य. पेशींच्या भिंतींतले पाणी कमी-जास्त होते, तशा त्या भिंती फुगतात किंवा बारीक होतात. लाकडातला ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला, की हा खेळ सुरू होतो. म्हणजे ओलाव्याच्या एका टक्क्यामागे रुंदी जवळपास ०.२ टक्के बदलते. कोकणातल्या घरात मे महिना आणि श्रावण यांच्यात ४ टक्क्यांचा फरक पडला, असे धरा. मग ३०० मिमी रुंदीची आडव्या चिरीची, म्हणजे जिची रुंदी वलयांना समांतर आहे अशी, फळी सव्वादोन मिमीहून जास्त फुगेल. प्लायमध्ये थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. भरीव लाकडाला तशी सोय नाही. म्हणून दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचेत सरस न लावता सुटे बसवतात. उन्हाळ्यात काम चालले असेल, तर पॅनेलच्या रुंदीतून दोन-तीन मिमी वजा करून मगच ते कापतात.