तारखेने ठरलेली ‘नवी’ आणि ‘विद्यमान’ रसायने

१८ सप्टेंबर १९८१ या दिवशी रसायनशास्त्रात कोणताही मोठा शोध लागला नाही, तरीही युरोपातील रसायनविषयक कायदे समजून घेताना याच तारखेपासून सुरुवात करावी लागते. १ जानेवारी १९७१पासून या दिवसापर्यंत जे रसायन तेथील बाजारात होते ते ‘विद्यमान’ ठरले आणि त्यानंतर आलेले प्रत्येक रसायन ‘नवे’ मानले गेले. पदार्थ किती विषारी आहे याचा या विभागणीशी काहीही संबंध नव्हता. गोमंतकीय वाचकाला ही पद्धत अगदीच अनोळखी वाटू नये. खासगी जमिनीतील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २०१६ साली जो कायदा केला, त्यातही २८ फेब्रुवारी २०१४ ही तारीख आहे आणि बांधकाम त्याआधीचे असेल तरच अर्ज करता येतो. मात्र घरमालकाला निदान अर्ज तरी करावा लागला; युरोपातील जुनी रसायने बहुतांशी आपोआपच चालू राहिली.

ही विभागणी प्रथम जपानने केली, आणि तिच्यामागे एक दुर्घटना होती. १९६८ साली पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्यापासून काढलेले खाद्यतेल वापरणाऱ्या शेकडो कुटुंबांना विषबाधा झाली. तेल शुद्ध करताना उष्णता देणाऱ्या नळ्यांतील पीसीबी हे द्रव्य गळून तेलात मिसळले होते. पीसीबी तेव्हा अनेक दशके वापरात होते आणि ते विकण्यापूर्वी तपासून घ्यावे असे सांगणारा कायदा नव्हता. १९७३च्या जपानी कायद्याने नवे रसायन बाजारात येण्यापूर्वी त्याबद्दल दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली: ते निसर्गात विघटित होते का, आणि माशांच्या शरीरात साठत जाते का. रोजच्या जेवणात नुस्ते असणाऱ्या समाजाला यांतील दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकेचा विषारी पदार्थ नियंत्रण कायदा १९७६ साली आला. नवे रसायन बनवण्याच्या ९० दिवस आधी सरकारला कळवणे त्याने बंधनकारक केले, पण आधीपासून बाजारात असलेली सुमारे ६२ हजार रसायने यादीत समाविष्ट करून चालू ठेवली. जुन्या रसायनावर बंदी घालायची तर धोका सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता, आणि तो किती जड होता हे ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात दिसले. १९८९ साली घातलेली व्यापक बंदी १९९१ साली अपील न्यायालयाने बहुतांशी रद्द केली, कारण उद्योगावर कमीत कमी ओझे टाकणारा पर्याय सरकारने पुरेसा तपासला नव्हता. फुप्फुसांच्या कर्करोगाशी ॲस्बेस्टॉसचा संबंध तोवर निर्विवाद झाला होता. ज्या कायद्याला ॲस्बेस्टॉसही हटवता येत नाही, त्याने इतर पदार्थांचे काय केले असते, हा प्रश्न पुढे पंचवीस वर्षे विचारला गेला. शेवटी २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली क्रिसोटाइल या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली.

युरोपात वेगळाच पेच निर्माण झाला. जुन्या यादीत एक लाखाहून अधिक नोंदी होत्या. नव्या रसायनाची चाचणी वर्षाला अवघ्या १० किलो उत्पादनापासून सुरू होई, तर जुन्या रसायनाला हजारो टनांपर्यंतही मोकळीक होती. साहजिकच उद्योगाला नवे, कदाचित अधिक सुरक्षित, द्रव्य शोधण्यापेक्षा जुनेच वापरणे परवडू लागले. १९९३च्या नियमाने जुन्या रसायनांचे मूल्यमापन सरकारी यंत्रणांकडे दिले, परंतु प्राधान्ययादीत आली ती केवळ १४१ रसायने.

चाचणीशिवाय राहिलेली ही जुनी रसायने पुढे निसर्गातच तपासली गेली, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण खोटे ठरणार नाही. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत असत. फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांच्या (खाद्य शिंपल्यांच्या) शेतीची त्याने वाताहत केली आणि १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांसाठी त्यावर निर्बंध घातले. अत्यल्प प्रमाणातही हे द्रव्य मादी शंखांमध्ये नराची जननेंद्रिये वाढवते. आपल्याकडे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी गोव्याच्या पाण्यात आणि किनाऱ्यावरच्या शंखांमध्ये त्याच्या खुणा तपासल्या. जागतिक बंदीचा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला.

१ जून २००७पासून लागू झालेल्या ‘रीच’ नियमावलीने युरोपातील जुने-नवे हा भेद जवळजवळ पुसला. वर्षाला एक टन किंवा अधिक प्रमाणात बनवलेल्या वा आयात केलेल्या प्रत्येक पदार्थाची माहिती उत्पादकाने किंवा आयातदाराने हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे नोंदणीसाठी द्यायची, आणि माहिती नसेल तर विक्रीही नाही. पुरावा देण्याचा भार अशा रीतीने सरकारकडून उद्योगाकडे गेला. युरोपबाहेरच्या कंपनीला थेट नोंदणी करता येत नाही. तिला तेथे एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो किंवा आयातदारावर विसंबावे लागते. वेर्णा आणि कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना या नियमावलीचा संबंध येतो तो इथे. औषधांसाठी वापरले जाणारे घटक नोंदणीतून वगळलेले आहेत, परंतु त्यांच्या निर्मितीच्या वाटेवरची मध्यवर्ती रसायने युरोपात पाठवायची तर, सवलती असल्या तरी, नोंदणी टळत नाही.

भारताचे कायदे मात्र अपघातांच्या मागून येत गेले. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा झाला. भोपाळनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९चे घातक रसायनांविषयीचे नियम आले. ते प्रामुख्याने कारखान्यात काय आणि किती साठवले आहे हे पाहतात. गोव्यात १९७४च्या सुमारास जुवारीनगरच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसांवला मासे मेले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. १९९५ साली फोंडा तालुक्यातील केरी येथे नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि कंपनीने गोव्यातून काढता पाय घेतला. आंदोलकांचे प्रश्न पाण्याविषयीचे आणि जमिनीविषयीचे होते. ‘रीच’सारखा कायदा तेव्हा असता तरी नायलॉन ६,६ त्याच्या नोंदणीतून सुटले असते, कारण बहुवारिकांना (पॉलिमरना) ती लागत नाही, नोंदणी लागते ती ज्यांपासून ते बनते त्या रसायनांना.

औद्योगिक रसायनांची सर्वसमावेशक यादी भारताने कधी केलीच नाही, त्यामुळे आपल्या कायद्यात ‘विद्यमान’ रसायन म्हणजे काय याची व्याख्याही झाली नाही. २०२० साली रसायन व्यवस्थापन व सुरक्षेच्या नियमांचा मसुदा तयार झाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या फिरल्या. वर्षाला एक टनाहून अधिक प्रमाणातील पदार्थ कळवावेत, असे त्यात सुचवले होते. हे नियम अधिसूचित झाले तर भारतालाही स्वतःची एक तारीख ठरवावी लागेल.