कोणत्या रोपाशेजारी कोणतं रोप लावावं?
बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या ग्राहकांसाठी आमच्या नर्सरीचं माहितीपत्रक

नर्सरीत आल्यावर हात आधी फुललेल्या कुंडीकडे जातो. त्यात गैर काही नाही, आम्हीही फुललेली रोपं मुद्दाम पुढेच मांडतो. पण आज शेजारी शेजारी छान दिसणाऱ्या दोन कुंड्या तुमच्या अंगणात वर्षभराने तशाच दिसतील असं नाही. एक रोप वाढून दुसऱ्याला झाकतं, एकाला पाणी जास्त होतं, नाहीतर एक फुलतं तेव्हा दुसरं नुसतं हिरवं उभं असतं. म्हणून रोपं निवडण्याआधी हे पत्रक एकदा वाचा.

आमचं सांगणं असं, की रंग शेवटी बघा. ऊन, पाणी आणि माती ज्यांना सारखी लागते तीच रोपं एकत्र लावायची. मग फुलायचे महिने बघायचे, मग पानं, आणि सगळ्यात शेवटी रंग.

पाणी

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार बोगनवेलीची. "दोन वर्षं झाली, नुसती पानंच येतात." चौकशी केली की कळतं, वेल लॉनच्या कडेला आहे किंवा खाली कर्दळ लावली आहे. लॉनला आणि कर्दळीला रोज पाणी, ते आपोआप बोगनवेलीलाही मिळतं. बोगनवेल एकदा रुजली की तिला पाण्याचा ताण बसल्याशिवाय ती भरून फुलत नाही. तिच्या पायथ्याशी सदाफुली, घायपात किंवा ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावा. ही तिन्ही रोपं उन्हातली आणि कमी पाण्यावर भागवणारी. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली तरी हा कोपरा तग धरतो.

उलट कर्दळ, सोनटक्का आणि नेचे यांना ओल लागते. नहाणीचं किंवा धुण्याचं पाणी जिथे जातं तिथे कर्दळ लावा, फक्त साबणाचं पाणी थेट मुळाशी साचू देऊ नका. खानापूरकडच्या ओलसर, अर्ध्या सावलीच्या परसात सोनटक्का फार सुरेख येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची पांढरी फुलं आणि खाली नेच्याची बारीक पानं, एवढ्यावर तो कोपरा पुरा होतो. तिथे तिसरं काही घालू नका.

माती

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न मोठा आहे. बेळगाव शहराचा पश्चिम भाग, हिंडलगा, उचगाव आणि पुढे खानापूर, जांबोटीकडे तांबडी माती. चिकोडी, अथणी, गोकाककडे निघालं की काळी माती बरीच लागते, आणि पाऊसही झपाट्याने कमी होतो. बेळगावातल्या बहिणीच्या दारातला अनंत बघून अथणीच्या ताई तेच रोप मागायला येतात, तेव्हा आम्हाला आधी मातीचं विचारावं लागतं.

अनंत आणि एक्झोरा ही थोड्या आंबट मातीची झाडं. तांबड्या मातीत ती मजेत राहतात. चुनखडीच्या काळ्या मातीत त्यांना लोह नीट घेता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचं जड पाणी असेल तर हे आणखी लवकर होतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं तर काही काळ फरक पडतो, पण दर थोड्या दिवसांनी हेच करत बसावं लागतं. त्यापेक्षा अनंत मोठ्या कुंडीत, तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत घालून लावा, आणि जमिनीत काळ्या मातीला मानवणारी झाडं घ्या. पिवळा टेकोमा मागे आणि पुढे पांढरी सदाफुली ही जोडी अथणीच्या उन्हातही टिकते. पांढरी कण्हेरही चांगली, मात्र ती विषारी असते. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी आम्ही ती सुचवत नाही.

काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. तांबड्या मातीचं दुखणं वेगळं. तिच्यातून पाणी आणि खत दोन्ही लवकर निघून जातं. तिथे शेणखत वरचेवर द्यावं लागतं आणि आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवावं लागतं.

मागची भिंत

रंग निवडताना लोक फुलं फुलांशी जुळवतात आणि भिंत विसरतात. आपल्याकडे चिऱ्याची कंपाउंडं भरपूर. चिऱ्याच्या तांबूस भिंतीपुढे लाल जास्वंद लावली तर रस्त्यावरून ती जवळपास दिसतच नाही. तिथे पांढरी तगर, पिवळी अलामांडा किंवा फिकट निळा प्लंबागो उठून दिसतो. प्लंबागो आणि अलामांडा एकत्र लावले तर आणखी छान, कारण निळा आणि पिवळा एकमेकांना उठाव देतात आणि दोघांनाही ऊन हवं असतं. लाल जास्वंद पांढऱ्या किंवा फिकट भिंतीपुढे लावा. हल्ली घरांना जांभळा, पोपटी असे भडक रंग देतात. तशा भिंतीपुढे आमचा सल्ला एकच, पांढरी फुलं आणि गडद हिरवी पानं.

पानं

फुलं काही महिने, पानं बारा महिने. एकाच आकाराच्या पानांची तीन झाडं शेजारी लावली तर त्यांचा एक हिरवा गठ्ठा दिसतो, मग फुलांचे रंग कितीही वेगळे असोत. रुंद पानाशेजारी बारीक पान, उभ्या पात्याशेजारी पसरणारं झुडूप असं लावा. स्पायडर लिलीची लांब पाती आणि तिच्यामागे कामिनीची बारीक चकचकीत पानं बघा, फुलं नसतानाही बरी दिसतात.

रंगीत पानांची झाडं मात्र उन्हात लावा. पिवळा दुरंता आणि क्रोटन सावलीत हिरवट पडतात, आणि "तुम्ही दिलेलं रोप बदललं" असा फोन आम्हाला येतो. अशी झाडं दोनच घ्या. पिवळा दुरंता, लाल अकॅलिफा, क्रोटन आणि चट्ट्यापट्ट्यांची तगर एका रांगेत लावली की डोळ्याला कुठे थांबायचं तेच कळत नाही. विक्री कमी झाली तरी चालेल, पण हे आम्ही सांगणारच.

आंब्याखाली गर्द सावलीत फुलांचा हट्ट सोडा. सिंगोनियम, नेचे, स्पायडर प्लांट घ्या. पावसाळ्यापुरतं कॅलेडियम भर घालतं, थंडीत त्याची पानं मरतात. कंद तसेच ठेवा, पुन्हा फुटतात.

महिने

जागा मोठी असेल, फार्महाऊस किंवा शेतातलं घर असेल, तर बहावा आणि तामण ही आमची आवडती जोडी. एप्रिल-मेमध्ये दोन्ही एका वेळी फुलतात, एक पिवळा, एक जांभळा. दोघांत किमान वीस फूट अंतर ठेवा.

थंडीसाठी लाल पॉइन्सेटिया आणि पांढरी शेवंती. दोन्ही रात्र मोठी झाल्यावर कळ्या धरतात, त्यामुळे रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो तिथे त्यांना उशीर होतो. गेटजवळ खांब असेल तर ही जोडी मागच्या बाजूला लावा. दसऱ्याला दारचा झेंडू हवा असेल तर रोपं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. सप्टेंबरमध्ये नेलेली रोपं दसरा हुकवतात.

तुळशी वृंदावनाभोवती अबोली पुष्कळजण मागतात. सकाळचं ऊन आणि दुपारी थोडी सावली असेल तर तिथे ती उत्तम राहते. दिवसभर कडक ऊन असेल तर ऑफिस टाइम बरा. रातराणी आणि मोगरा मात्र एका खिडकीखाली लावू नका, दोन्ही वास एकमेकांत मिसळून धड एकही कळत नाही.

अंतर आणि लागवड

एक्झोरा अडीच फुटांवर, जास्वंद चार फुटांवर. पहिल्या वर्षी मधे मोकळं दिसतं, तिथे तेरडा किंवा झेंडू टाका. कंपाउंडभर नुसती जास्वंद लावू नका. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) एका झाडावर आला की रांगभर जातो. मधे मधे कामिनी किंवा तगर असू द्या.

बेळगाव आणि पूर्वेकडच्या भागात पहिला पाऊस जमिनीत मुरला की लागवड करा. खानापूर, कणकुंबीकडे जुलैच्या धारेत नवीन रोपांची मुळं कुजतात. तिकडच्यांनी जूनच्या सुरुवातीला तरी लावावं, नाहीतर सरळ सप्टेंबरपर्यंत थांबावं.

नर्सरीत येताना मोबाईलवर जागेचे दोन फोटो आणा, एक सकाळी नऊचा आणि एक दुपारी तीनचा, म्हणजे ऊन कुठे पडतं ते आम्हाला दिसेल. भिंतीची लांबी पावलांनी मोजली तरी चालेल. पिशवीत मूठभर माती असेल तर फारच छान. शनिवार-रविवारी गर्दी असते, निवांत बोलायचं असेल तर मधल्या वारी या.