फिश रूम करताय? आधी वजन, मग हवा, मासे सगळ्यात शेवटी

पुण्यात धनकवडीच्या आमच्या फ्लॅटमधे अडगळीची एक खोली होती, तिच्यात माशांच्या सहा टाक्या लावतो म्हटल्यावर बायकोने पहिलाच प्रश्न टाकला, स्लॅब खाली येणार नाही ना? मी हसण्यावारी नेलं, पण रात्री हिशोब मांडल्यावर माझंच हसू पळालं. 2 बाय 1 बाय 1 फुटाच्या टाकीत काठोकाठ 56-57 लिटर पाणी बसतं, म्हणजे तेवढेच किलो, अशा सहा टाक्या, वर काच, वाळू, अँगलचा रॅक, सगळं मिळून 400 किलोच्या आसपास जातं आणि हे उभं राहणार 4 बाय 1 फुटाच्या जागेत! राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना वापराचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. त्यामुळे रॅक खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे लावायचा, आणि ड्राय बाल्कनीत तर नकोच. टाक्या जास्त असतील तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा, त्यात लाज कसली.

काच घेताना लोक लांबी बघून घाबरतात, पण पाण्याचा दाब वाढतो तो पाणी किती खोल त्यावर. 2 फूट लांब, 1 फूट उंच टाकीच्या पुढच्या काचेवर एकूण 28 किलोचा रेटा असतो, तीच दीड फूट उंच केली की थेट 64! म्हणून टाक्या बुटक्याच करा, पातळ काच चालते आणि पैसे वाचतात. अँगल जुन्या बाजारात मिळून जातात, बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारायची, घासाघीस आलीच.

मग पैसे घालायचे कुठे, तर हवेत. प्रत्येक टाकीला वेगळा मोटरवाला फिल्टर घेत बसू नका, एकच चांगला एअर पंप, पीव्हीसी पाइपची रिंग आणि प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर, बास. नळीतून बुडबुडे वर जातात, त्यांच्यामुळे नळीतलं पाणी हलकं होऊन वर सरकतं आणि त्याच्या जागी बाहेरचं पाणी स्पंजमधून आत ओढलं जातं. एकच भानगड आहे, हवा आळशी असते, जिथे पाणी कमी खोल तिथेच सगळी पळते, म्हणून सगळ्या टाक्यांत पाण्याची उंची सारखी ठेवा आणि प्रत्येक नळीला छोटा व्हॉल्व्ह लावा.

पुण्यात ही हवा जरा जास्तच लागते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर, हवेचा दाब 6 टक्क्यांच्या आसपास कमी, तेवढाच पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही कमी. त्यात एप्रिल-मे. समुद्रसपाटीला 20 अंशाच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तो 30 अंशाला साडेसातवर येतो, आणि गरम पाण्यात माशांना दम मात्र जास्त लागतो.

खरा फिल्टर म्हणजे स्पंजवर वाढणारे जिवाणू, आणि ते फुकट आहेत. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया काही जिवाणू नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे पाणी बदलून काढता येतं. ही फौज तयार व्हायला 4 ते 6 आठवडे जातात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत राहायचं आणि कोणी काय विचारलं तर हो, पाणीच पाळलंय म्हणायचं. मित्राच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज आपल्या टाकीत पिळला तर काम बरंच लवकर होतं. फिल्टरचा स्पंज धुताना मात्र नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

माझी चूक सांगतो. पंप रॅकखाली फरशीवर ठेवला होता आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे, म्हणजे नळीत पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेचे, 20-30 रुपये वाचवले. गुरुवारी दुपारी लाईट गेली, हवा थांबली आणि टाकीतलं पाणी उलटं नळीत शिरून सायफनने थेट पंपात उतरलं. फरशी ओली, पंप बाद. नवा पंप आता सगळ्यात वरच्या टाकीच्याही वर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर आहे, आणि व्हॉल्व्ह तर सहाही नळ्यांना लावलेत.