पाळीआधी वाढलेलं दीड किलो येतं कुठून?

नारळी पौर्णिमा झाली की कोकणात घरोघरी गणपतीची तयारी सुरू होते. भिंतींना रंग लागतो, चाकरमान्यांच्या गाड्यांची तिकिटं पक्की होतात, आणि याच दिवसांत कितीतरी बायका ठरवतात की चतुर्थीच्या आत दोन-तीन किलो उतरवायचेच. भात अर्ध्यावर येतो, चहातली साखर जाते, संध्याकाळी किनाऱ्यावर नाहीतर सड्यावर चालणं सुरू होतं. आठवडाभर काटा खाली सरकतो. मग काहीही वावगं खाल्लेलं नसताना तो चार दिवसांत दीड किलो वर जातो. हा आकडा पाहून अनेकजणी डाएट तिथेच सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पाळीच्या तोंडावर वाढलेलं ते वजन बहुतेक वेळा चरबीचं नसतंच.

साधा हिशेब करून पाहा. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो चरबी चढायची तर रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. साजूक तूप घातलेल्या एका उकडीच्या मोदकाच्या २०० कॅलरी धरल्या, तरी नेहमीचं जेवण जेवून वर ५७ मोदक झाले. चार दिवसांत, डाएटवर असताना, हे कोण खाणार?

वाढतं ते मुख्यतः पाणी. बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढतं. शरीरातलं मीठ धरून ठेवायला मूत्रपिंडांना सांगणारं अल्डोस्टेरॉन नावाचं आणखी एक हॉर्मोन असतं. प्रोजेस्टेरॉन त्याच्या कामात आडवं येतं, म्हणून शरीर ते जास्त प्रमाणात बनवू लागतं. इस्ट्रोजेनचाही पाणी धरून ठेवण्यात हात असतो. शिवाय प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, पोट साफ होत नाही, गॅस धरतो. अंगठी घट्ट होते, ब्लाउज काखेत आवळतो, छाती दुखते.

पण एवढ्यावर सगळं उलगडतं असं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी ६२ स्त्रियांना वर्षभर रोज स्वतःच्या अंगावरच्या सुजेची नोंद ठेवायला सांगितलं आणि ७६५ पाळीचक्रं तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सूज सर्वात जास्त दिसली ती पाळीच्या पहिल्या दिवशी. आपण समजतो तशी ती आधीच्या आठवड्यात शिगेला पोचत नव्हती. रक्तातली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची पातळी आणि सुजेचं प्रमाण यांचा थेट मेळही बसला नाही. म्हणूनच एकीचं वजन अर्धा किलोही हलत नाही आणि दुसरीचं दोन किलो वाढतं, यात नवल नाही. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच हे पाणी आपोआप उतरतं.

मिठाचा यात भाग असतोच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खायला सांगते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात ताटात सुकी मासळी येते. नुसत्या उन्हात वाळवलेल्या बोंबलापेक्षा मिठात खारवलेल्या बांगड्यात मीठ कितीतरी जास्त. तो आधी पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून दिलं तर बरंच कमी होतं. श्रावणात मासे बंद झाले तरी पेजेबरोबरचं लोणचं, पापड आणि उपवासाचे वेफर आहेतच. सूज आहे म्हणून पाणी पिणं मात्र तोडू नका. त्याने बद्धकोष्ठ वाढतं आणि सूज काही उतरत नाही.

आता भुकेकडे येऊ. या दिवसांत वखवख होते ती काही मनाचे खेळ नव्हेत. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन चढलेलं असतं आणि ते भूक दाबतं. पुढे प्रोजेस्टेरॉन आलं की तो लगाम सैल होतो. शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढतं आणि बसल्याजागी होणारा ऊर्जेचा खर्चही किंचित वाढतो. मात्र ही वाढ छोटी असते. 'पाळीआधी काहीही खा, जळून जातं' हे खरं नाही.

चॉकलेटची गोष्ट जरा वेगळी आहे. मॅग्नेशियम कमी पडतं म्हणून शरीर चॉकलेट मागतं, असं सर्रास सांगितलं जातं. १९९४ साली अमेरिकेत एक नेटका प्रयोग झाला. चॉकलेटची तलफ आलेल्यांना कधी खरं चॉकलेट दिलं, कधी नुसत्या कोकोच्या कॅप्सूल, कधी कोकोचा अर्क नसलेलं पांढरं चॉकलेट. मॅग्नेशियम होतं ते कोकोत, पण कॅप्सूलने तलफ भागली नाही. पांढऱ्या चॉकलेटने ती थोडीफार भागली. म्हणजे जीव अडकला होता तो गोडव्यात, स्निग्धपणात, तोंडात विरघळण्यात. २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेत शिकणाऱ्या पण परदेशात जन्मलेल्या मुलींमध्ये पाळीतली चॉकलेटची ओढ बरीच कमी आढळली. भूक हॉर्मोन लावतात, पण हात कोणत्या डब्याकडे जाणार हे सवय ठरवते. आपल्याकडे तो जत्रेतून आणलेल्या खाजाच्या पुडीकडे जातो, नाहीतर आंबापोळीकडे.

त्या आठवड्यात ताट आणखी कापू नका, असं मी आग्रहाने सांगेन. आधीच भूक वाढलेली, त्यात उपाशी राहिलं की रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडतोच. त्यापेक्षा दिवसाच्या हिशेबात १००-१५० कॅलरी उघडपणे वाढवा: कुळथाची पिठी जरा दाट, एक उकडलेलं अंडं, ताकातली नाचणीची आंबील. खाजं खावंसं वाटलं तर दुपारच्या जेवणानंतर दोन तुकडे खा, रिकाम्या पोटी नको.

पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. डाएटच्या नावाखाली कडधान्यं आणि मासे सोडणं म्हणूनच परवडणारं नाही. जेवणावर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही.

वजन तपासायचं कधी? पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत साधारण १९ दिवस होतात. पाळीचं चक्र मात्र बहुतेकींचं २१ ते ३५ दिवसांचं. समजा पौर्णिमेला पाळीचा सातवा दिवस होता आणि वजन ६३.० किलो भरलं. चतुर्थीला सव्विसावा दिवस येतो आणि काटा ६३.२ दाखवतो. मेहनत फुकट गेली असं वाटतं, पण त्यात दीड किलो पाणी असेल तर चरबी खरोखर उतरलेली आहे. पाळीचा सातवा दिवस गेल्या वेळच्या सातव्या दिवसाशी ताडून पाहा. सहाव्यापासून दहाव्यापर्यंतचे दिवस त्यासाठी उत्तम. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर पाळीच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा.

चतुर्थीला पाळी येऊ नये म्हणून अनेकजणी गोळ्या घेतात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध. त्यामुळे पोट फुगणं आणि छाती जड होणं लांबतं, आणि त्या दिवसांतला आकडा तर अजिबात धरू नये. गोळी घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा, पण मेडिकलमधून परस्पर आणू नका. ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि एक गोष्ट मला सर्वात जास्त काळजीची वाटते. खाणं फार तोडलं, वर व्यायाम वाढवला, तर मेंदूतून बीजकोशांना जाणारे संकेत मंदावतात आणि पाळीच थांबते. 'वजन उतरलं, पाळीची कटकटही गेली' म्हणून त्यावर खूश होऊ नये. इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात, अगदी विशी-पंचविशीतसुद्धा. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी करा, मग डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, पीसीओएस (बीजकोशांचा, हॉर्मोन बिघडल्याने होणारा विकार) अशी इतरही कारणं असू शकतात. जाताना वजनाच्या आणि पाळीच्या तारखा लिहिलेलं ते कॅलेंडर बरोबर न्या, आणि किती खात होता ते काही न लपवता सांगा.